पहिला वाकडा चौकोन

गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरीं एक अगदीं क्षुल्लक गोष्ट घडली. आमच्या पुतणीनें आयुष्यांतला पहिला गोधडीचा चौकोन शिवला, आणि तो वाकडा आला. चौकोन वाकडा येणें हा मासिकांतून चर्चा करण्याजोगा विषय नव्हे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु त्या वीतभर कापडावरून आमच्या दिवाणखान्यांत तीन निरनिराळ्या दिवशीं तीन सुशिक्षित माणसांनीं जीं तीन मतें मोठ्या आत्मविश्वासानें दिलीं, तीं ऐकल्यापासून आम्हांस स्वस्थ बसवेना. तीं त्या तिघांचींच मतें असतीं तर तो वाद आम्ही घरांतल्या घरांत मिटविला असता. पण तीं आज आपल्या वर्गांतल्या बहुतेक घरांतून ऐकूं येतात, आणि आमच्या समजुतीप्रमाणें तीं तिन्ही चुकीचीं आहेत. म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्या वाचकांस हा प्रकार अपरिचित असेल त्यांच्यासाठीं प्रथम वस्तुस्थिति सांगितली पाहिजे. अमेरिकेंत गोधड्या बहुधा चौकोन चौकोन करून शिवतात. आधीं एकाच मापाचे पुष्कळ चौकोन तयार करावयाचे, मग ते एकमेकांस जोडून वरचा थर करावयाचा, आणि शेवटीं मध्यें कापूस व खालीं अस्तर घालून सर्व थर एकत्र टांचावयाचे, अशी तिकडील रीत आहे. या चौकोनांच्या शेंकडों नमुन्यांपैकीं एकाचें नांव ‘लॉग कॅबिन’, म्हणजे ओंडक्यांचें खोपट. मध्यभागीं एक लहान चौरस तुकडा. त्याच्या एका अंगास एक अरुंद पट्टी. मग वळून दुसऱ्या अंगास दुसरी. मग तिसरी, चौथी. आणि पुन्हां तोच फेरा. ओंडके रचून भिंती उभाराव्या तशा या पट्ट्या मध्याभोंवतीं रचल्या जातात, म्हणून तें नांव. मधला तुकडा पुष्कळदां तांबडा घेतात. ती खोपटांतली चूल, असें सांगण्याचा प्रघात आहे. लगतच्या दोन बाजूंस फिक्या व उरलेल्या दोन बाजूंस गडद पट्ट्या लावल्या म्हणजे चौकोन कर्णावर दुभंगून अर्ध्यावर ऊन व अर्ध्यावर सावली पडल्यासारखा दिसतो. असे पुष्कळ चौकोन निरनिराळ्या दिशांनीं फिरवून मांडले कीं त्यांतून कधीं नांगराचे सरळ तास दिसतात, तर कधीं एकांत एक बसविलेल्या मोठ्या चौकटी दिसतात. पहिल्या मांडणीस तिकडे ‘सरळ तास’ व दुसरीस ‘कोठाराची उभारणी’ अशाच अर्थाचीं नांवें आहेत.

नवशिक्यास हा नमुना मुद्दाम सुचवितात. कारण त्यांत त्रिकोण नाहीं, गोलाई नाहीं, सगळ्या शिवणी सरळ. मापें सांगावयाचीं तर मधला तुकडा अडीच इंचांचा, पट्ट्या दीड इंच रुंदीच्या, आणि प्रत्येक शिवणींत दोन्ही कापडांचा पाव पाव इंच घ्यावयाचा. पहिली पट्टी अडीच इंच लांब, दुसरी व तिसरी साडेतीन, चौथी साडेचार. याप्रमाणें वाढत वाढत तीन फेरे पुरे झाले कीं बारा पट्ट्यांनीं साडेआठ इंचांचा चौकोन होतो, व तो शेजारच्या चौकोनांस जोडल्यावर त्यांतले आठ इंच दिसत राहतात. सगळी शिवण मिळून साडेपाच फूट. एवढाच हा पसारा.

आतां आमच्या घरची हकीकत. आमची पुतणी चौदा वर्षांची आहे. तिनें हा नमुना कोठेंतरी पाहिला आणि एके दिवशीं येऊन विचारलें, “काका, आजीचीं लुगडीं कापूं का?” आमच्या मातोश्री जाऊन त्या वेळीं दोन वर्षें झालीं होतीं. त्यांचीं दोन सुती लुगडीं, एक गर्द निळें व एक त्यांच्या उतारवयांतलें फिकट, ट्रंकेंत घडी करून ठेवलेलीं होतीं. दर दिवाळीच्या साफसफाईंत आम्ही तीं बाहेर काढीत होतों, ऊन देत होतों आणि पुन्हां ट्रंकेंत ठेवीत होतों. घड्यांवर तीं विरूं लागलीं होतीं हें आम्हांस दिसत होतें. पण हात लावण्याचें धैर्य होत नव्हतें. मुलीच्या प्रश्नास होकार देण्यास आम्हांस दोन दिवस लागले, हें कबूल केलें पाहिजे. तिनें कात्री चालविली. खणाच्या एका जुन्या चोळीचा तांबडा तुकडा मध्यें घेतला. आणि तीन दुपारी खपून चौकोन पुरा केला. मोजून पाहतां तो एका अंगानें सव्वाआठ इंच भरला, दुसऱ्या अंगानें जेमतेम पावणेआठ, आणि एक कोपरा कलंडलेला. मुलगी रडकुंडीस आली व तो उसवावयास बसली. त्या दिवसापासून पुढच्या पंधरवड्यांत ते तीन अभिप्राय आम्हांस ऐकावे लागले.

पहिला अभिप्राय एका अध्यापक मित्रांचा. ते अर्थशास्त्र शिकवितात. त्यांनीं चौकोन हातांत घेतला, बोटांनीं ताणून पाहिला आणि म्हणाले, “तीन दुपारी! अहो, एवढ्या वेळांत हिचा गणिताचा एक सबंध धडा झाला असता. रजई बाजारांत मिळते, आणि ती सरळहि असते. ज्या कामांत यंत्र माणसापेक्षां सरस आहे तें काम माणसानें करणें हा शुद्ध अपव्यय होय.”

गणिताचें नांव त्यांनींच काढलें म्हणून प्रथम गणिताचेंच उत्तर देतों. सुतारलोक इंचाच्या आठव्या भागास सूत म्हणतात. शिवण पाव इंचाची घ्यावयाची ती मुलीनें केवळ अर्धें सूत अधिक घेतली, तर प्रत्येक शिवणींत दोन्ही कापडें मिळून एक सूत गेलें. या चौकोनांत एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत सहा शिवणी आड येतात. म्हणजे सहा सुतें, पाऊण इंच! साडेआठांचे पावणेआठ झाले ते असे. पहिल्या पट्टीस डोळ्यांना दिसतहि नाहीं अशी चूक बाराव्या पट्टीस बोटाएवढी जाडी होऊन पुढें उभी राहते. वहींतल्या गणितांत अशी चूक झाली तर उत्तर पुस्तकाच्या शेवटीं छापलेलें असतें. मुलगी तें पाहते, खाडाखोड करते व पुढें जाते. येथें शेवटचें पान नाहीं. चूक कोणत्या शिवणींत झाली हें उलट्या बाजूनें एकेक शिवण मोजून तिनेंच हुडकिलें. लहान चुका सांठून मोठी चूक कशी होते हें आम्ही कॉलेजांत शिकलों होतों. परंतु खरें सांगावयाचें तर तें आम्हांस त्या दिवशीं प्रथम कळलें.

आतां अर्थशास्त्र. या चौकोनासाठीं कापलेल्या तेरा तुकड्यांचें क्षेत्रफळ सुमारें १०५ चौरस इंच भरतें, आणि गोधडींत दिसतात ते चौसष्ट. बाकीचे एक्केचाळीस चौरस इंच शिवणींच्या पोटांत गडप होतात. शंभर रुपयांचें नवें कापड आणून जो हा चौकोन शिवील त्याचे जवळजवळ चाळीस रुपये दिसेनासे होतात, वर मजुरी. अशा माणसास आमचे मित्र अपव्ययी म्हणतील तर आम्ही त्यांच्या बाजूनें साक्ष देऊं. परंतु जें लुगडें ट्रंकेंत विरत पडलें होतें, जें पुन्हां नेसतां येत नव्हतें, विकतां येत नव्हतें व टाकवत नव्हतें, त्याच्या दीड इंची पट्ट्यांतून चौसष्ट चौरस इंच ऊब परत आली, हा शुद्ध नफा होय. या नमुन्यांत पट्ट्या अरुंद कां असतात हें आमच्या मित्रांनीं स्वतःस विचारावयास पाहिजे होतें. फाटक्या कापडाच्या धड उरलेल्या भागांतून बहुधा अरुंद पट्टीच निघते. ज्या चिंधीचा दुसऱ्या कशासच उपयोग नाहीं तिला कामास लावणें हा या रचनेचा उगम नसला तरी बळ निश्चित आहे. कपडा जुना घेतला तर ही काटकसर, नवा घेतला तर ही उधळपट्टी. नमुना तोच, शिवण तीच. अध्यापकमहाशयांनीं कापडाचें वय विचारलें नाहीं आणि निकाल दिला.

दुसरा अभिप्राय आमच्या एका आप्त बाईंचा. त्यांचें वास्तव्य बरींच वर्षें परदेशांत आहे, स्वभावानें त्या अत्यंत प्रेमळ आहेत, आणि या तिघांपैकीं मुलीच्या हस्तकौशल्याचें कौतुक काय तें त्यांनींच केलें. पण तो चौकोन पाहून त्या हंसल्या व म्हणाल्या, “अग, असें जुन्यापान्यावर कोण शिकतें? थांब, मी तुला देतें.” त्यांनीं आपल्या सामानांतून एक सुबक खोका काढला. त्यांत सर्व पट्ट्या अचूक मापाच्या, यंत्रानें कापलेल्या, क्रमांक घालून ठेवलेल्या. कोणती पट्टी कोणत्या बाजूस हें चित्रासह छापलेलें. मधला तांबडा तुकडा देखील आयता. मुलीनें यंत्रावर एका दुपारीं तो चौकोन शिवला. तो काटकोनांत आला. बाई म्हणाल्या, “पाहा, आतां कसा आला!”

तो चौकोन चांगला आला, हें आम्ही नाकारीत नाहीं. आमचा प्रश्न एवढाच कीं तो कोणाचा? फिकें कोणतें व गडद कोणतें हें ठरविणारा दुसराच कोणी. कापडाचा उभा धागा शोधणारा दुसराच. मापणारा दुसरा, कापणारा दुसरा. मुलीच्या वांट्यास आलें काय, तर क्रमांक वाचणें व यंत्र चालविणें. चुकण्याच्या जेवढ्या जागा होत्या तेवढ्या सर्व अगोदरच बुजविलेल्या. आणि शिकण्याच्या जागा त्याच असल्यामुळें त्याहि बुजल्या. आज परदेशांतल्या दुकानांतून नव्या कापडाच्या अडीच इंची पट्ट्यांचीं जिलबीसारखीं गुंडाळलेलीं भेंडोळीं मिळतात. म्हणजे गिरणींत सबंध कापड विणावयाचें, त्याच्या मुद्दाम चिंध्या करावयाच्या, त्या चिंध्या खोक्यांत घालून विकावयाच्या, आणि गिऱ्हाइकानें त्या जोडून पुन्हां सबंध कापड करावयाचें! वर त्यांतला मोठा हिस्सा शिवणींत पुरावयाचा. काटकसरीच्या कलेचें याहून मोठें विडंबन आम्हांस सुचत नाहीं.

येथें आमच्या प्रतिपक्षाच्या वतीनें दोन गोष्टी आम्हींच सांगून टाकतों. हा प्रकार अगदीं आजचा नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंत सधन घरांच्या दिवाणखान्यांसाठीं रेशमी कापडाच्या लॉग कॅबिन गोधड्या शिवीत, आणि रेशमाचे तुकडे पिशव्यांत भरून विकणारे व्यापारीहि त्या काळीं होते. दुसरें, आम्ही यंत्राचे शत्रु नाहीं. शिवण यंत्रावर घातली काय किंवा हातानें घातली काय, आमच्या म्हणण्यास बाध येत नाहीं. ज्याचे हात कांपतात, ज्याची दृष्टि अधू आहे, किंवा ज्याच्या घरीं खरोखरच एक जुनें कापड नाहीं, त्यानें तो खोका खुशाल घ्यावा. परंतु ज्या घरांत ट्रंका जुन्या कपड्यांनीं भरलेल्या आहेत, त्या घरांतल्या मुलीस नव्या चिंध्या विकत आणून देणें, आणि तेंहि तिची पहिलीच धडपड मोडून, याला आम्ही प्रेम म्हणूं, शिक्षण म्हणणार नाहीं.

याच संदर्भांत आपल्याकडील एका ढोंगाविषयीं स्पष्ट बोललें पाहिजे. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्यानें शिवलेली गोधडी आपल्या प्रत्येकाच्या अंगावर बाळपणीं होती. घरीं चार पैसे खेळूं लागले तशी ती प्रथम पाहुण्यांच्या नजरेआड गेली, मग माळ्यावर गेली, मग बोहारणीच्या पाटींत गेली. ‘वाकळ’ हा शब्द आपण तुच्छतेनें उच्चारूं लागलों. आणि आतां तीच आपली मंडळी ओंडक्यांच्या खोपटाचा खोका परदेशांतून मागवितात व त्याला छंद म्हणतात! वाकळ शिवणारी बाई आपल्या लेखीं गरीब, आणि खोका फोडणारी बाई रसिक. दोघींच्या हातांत सुई तीच आहे. फरक पैसे कोणत्या दिशेनें गेले एवढाच आहे.

याला उतारा शोधण्यास फार दूर जावयास नको. उत्तर कर्नाटकांतील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत सिद्दी लोकांची वस्ती आहे. त्यांच्या पूर्वजांपैकीं पुष्कळांस पोर्तुगीजांनीं आफ्रिकेंतून गुलाम म्हणून गोव्यास आणिलें होतें. या समाजांतील स्त्रिया जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची ‘कवंडी’ शिवतात. लॉग कॅबिनची रचना मध्यापासून बाहेर वाढत जाते. कवंडीचें काम कडेपासून सुरू होऊन फेऱ्याफेऱ्यानें मध्याकडे येतें. चारी कोपऱ्यांस कापडाच्या घड्यांचीं लहान फुलें बसवितात. त्यांस त्या ‘फुला’च म्हणतात, आणि त्यांवांचून गोधडी उघडी समजली जाते. एक आंतून बाहेर, एक बाहेरून आंत. परंतु दोहींचा आरंभ घरच्या जुन्या कापडापासून आणि डोळ्यांच्या मापापासून. ब्रिटनजवळच्या मॅन बेटांतल्या जुन्या बायका याच लॉग कॅबिनच्या जातीच्या गोधड्या करीत, त्या पट्ट्या फाडून व हाताच्या वितीबोटांनीं मापून करीत. त्यांना कोणी क्रमांक घालून दिले नव्हते.

तिसरा अभिप्राय आमच्या एका लेखक मित्रांचा. आणि तोच आम्हांस सर्वांत घातक वाटतो, कारण तो स्तुतीच्या रूपानें आला. त्यांनीं वाकडा चौकोन डोक्याशीं नेऊन नमस्कार केला आणि म्हणाले, “बाळ, तूं काय शिवलें आहेस तुला ठाऊक आहे काय? अमेरिकेंत गुलामगिरीच्या काळीं ही गोधडी खिडकींत टांगीत. मधला तुकडा काळा असला कीं पळून आलेल्या गुलामानें समजावें, या घरीं आसरा आहे!” मुलीचे डोळे विस्फारले. चौकोनाला एकाएकीं मोठेपण आलें.

ही कथा फार हृद्य आहे. दुर्दैवानें ती टिकत नाहीं. गोधड्यांच्या नमुन्यांत पळणाऱ्या गुलामांसाठीं गुप्त संकेत होते ही कल्पना १९९९ सालीं जॅकलिन टोबिन व रेमंड डोबार्ड यांच्या एका पुस्तकानें सर्वतोमुखी केली. त्या पुस्तकाचा मुख्य आधार दक्षिण कॅरोलिनांतील एका गोधडी विकणाऱ्या बाईंनीं सांगितलेली कौटुंबिक आख्यायिका हा होता. गोधड्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांनीं तिची छाननी केली तेव्हां समकालीन पुरावा हातीं लागला नाहीं. विल्यम स्टिल या कृष्णवर्णीय कार्यकर्त्यानें फिलाडेल्फियास राहून पळून आलेल्या शेंकडों गुलामांच्या हकीकती तोंडून ऐकून लिहून ठेवल्या व १८७२ सालीं ग्रंथरूपानें छापल्या. त्यांत अशा संकेताचा मागमूस नाहीं. शिवाय लॉग कॅबिनच्या ज्या जुन्या गोधड्यांचा काळ निश्चित आहे त्या १८६० नंतरच्या दशकापासून पुढच्या. १८६० सालीं ओंडक्यांच्या खोपटांत जन्मलेला लिंकन निवडून आला, आणि नमुन्याचा प्रसार त्या सुमारास झाला. १८६५ सालीं गुलामगिरीच कायद्यानें नष्ट झाली. मग खिडकींतली ती गोधडी कोणी कोणासाठीं टांगली?

आमचे मित्र म्हणतील, “खोटी असली तरी कथा सुंदर आहे, मुलीस उत्साह येतो, यांत तोटा काय?” तोटा असा, कीं खऱ्या बायका या कथेमागें झांकल्या जातात. अलाबामा नदीच्या एका वळणांत जीज् बेंड नांवाचें गांव आहे. तेथील वस्ती बहुतेक पूर्वींच्या एका मळ्यावरील गुलामांच्या वंशजांची. तेथल्या बायका पिढ्यान् पिढ्या गोधड्या शिवीत आल्या आहेत, आणि मध्याभोंवतीं पट्ट्या रचण्याचा हाच प्रकार त्यांच्यांत ‘हाउसटॉप’, म्हणजे घराचें छप्पर, या नांवानें विशेष रूढ आहे. कापड कोणतें? शेतांत झिजलेल्या विजारी, सदरे, पिठाच्या व खताच्या पिशव्या. पट्ट्या कोठें रुंद, कोठें निमुळत्या. चौकोन क्वचितच काटकोनांत. मतदानाचा हक्क मागूं लागलेल्या या लोकांची नदीवरील नाव १९६२ सालीं बंद झाली, ती २००६ सालीं पुन्हां सुरू झाली. त्याच गांवच्या गोधड्या २००२ सालीं ह्यूस्टनच्या व नंतर न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयांत भिंतींवर लागल्या, आणि २००६ सालीं अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आल्या.

त्यांतली एक गोधडी मिसूरी पेट्वे या बाईंची आहे. १९४२ च्या सुमारास त्यांचे यजमान वारले. त्यांचे शेतांतले कपडे बाईंनीं मुलीला हाताशीं घेऊन फाडले, त्यांचे तुकडे व पट्ट्या जोडून गोधडी केली, व ती पांघरली. त्या निळ्या-करड्या कापडावर गुडघ्यांच्या झिजलेल्या जागा व उसवलेल्या खिशांच्या गडद खुणा आजहि दिसतात. तिला कोणत्याहि गुप्त संकेताची गरज नाहीं. आमच्या पुतणीला सांगावयाचेंच होतें तर हें सांगावयाचें होतें. कारण आजीच्या लुगड्याला कात्री लावतांना तिचा हात कां थबकला आणि तरी तिनें तें कां कापलें, हें मिसूरीबाईंस न सांगतां कळलें असतें. इतिहासालाहि शिवणीचाच नियम लागू आहे. जे तुकडे खरोखर आपल्यापाशीं आहेत तेच जोडावे; पोकळी भरण्यासाठीं बाजारांतून आणलेला सुबक तुकडा कितीहि शोभला तरी तो त्या गोधडीचा नव्हे.

तिन्ही अभिप्रायांचा रोख पाहिला तर वाचकांच्या ध्यानांत एक गोष्ट येईल. अध्यापकांनीं काम टाकण्यास सांगितलें, बाईंनीं तें आयतें करून दिलें, आणि लेखकमहाशयांनीं त्याची पूजा केली. पण तो चौकोन वाकडा कां आला, हें त्या मुलीजवळ बसून कोणींहि पाहिलें नाहीं. आपल्या सुशिक्षित घरांतून हातांच्या कामाची स्थिति आज नेमकी अशी आहे. निंदा करणारे आहेत, खरेदी करणारे आहेत, गौरव करणारे तर पुष्कळच आहेत. कात्री हातांत धरणारे तेवढे कमी झाले आहेत.

म्हणून नवशिक्यांसाठीं, आणि यांत मुलींबरोबर मुलगेहि आम्ही धरतों, चार व्यवहाराच्या गोष्टी सांगून हें लांबलेलें प्रकरण आवरतों. कापड घरचें, सुती व धुऊन धुऊन मऊ झालेलें घ्यावें. तें आटावयाचें तेवढें आटलेलें असतें व त्याचा रंग जावयाचा तेवढा गेलेला असतो. पट्टी कापडाच्या उभ्या धाग्याच्या दिशेनें काढावी. तिरपी निघाली कीं ती ताणते व चौकोन कलंडतो. जुनें लुगडें फारच विरलें असेल तर मांजरपाटाचा चौरस तुकडा खालीं घेऊन त्यावर मध्यापासून पट्ट्या शिवीत जावें. अमेरिकेंतल्या पुष्कळ जुन्या लॉग कॅबिन गोधड्या अशाच पायाकापडावर शिवलेल्या आहेत. पट्टी लावण्यापूर्वीं मापून कापावी. आधीं शिवून मग टोंक छाटण्याची घाई करूं नये. प्रत्येक शिवण बाहेरच्या अंगास वळवून दाबावी, आणि प्रत्येक फेऱ्यास फूटपट्टी लावून चौकोन मोजावा. पहिल्या फेऱ्यास साडेचार, दुसऱ्यास साडेसहा, तिसऱ्यास साडेआठ. चूक सांपडली तर त्याच फेऱ्यांत उसवावी. पुढच्या फेऱ्यांत ती आपोआप भरून येईल अशी आशा धरूं नये.

आणि इतकें करूनहि पहिला चौकोन वाकडाच येईल. तो टाकूं नये. आमच्या पुतणीनें आमच्या आग्रहास्तव तो उसवला नाहीं. तिनें दुसरा केला, तोहि चुकला. तिसरा बरा आला. चौथा एका सुताच्या फरकानें बरोबर उतरला. आतां नऊ झाले आहेत. ते जोडतांना तो पहिला कोठेंच बसेना, तेव्हां तिनें त्याच्या कडा छाटून सरळ केल्या व आंखूड बाजूंस फिकट लुगड्याच्या काठाच्या पट्ट्या लावून त्याचें माप पुरें केलें. काठ त्या एकाच चौकोनांत आला आहे. खोक्यांतला चौकोन मापानें मोठा असल्यामुळें या गोधडींत मावला नाहीं. तो आमच्या टेबलावर दौतीखालीं पसरलेला आहे, आणि त्या कामास तो फार उत्तम आहे.

ज्यांच्या घरीं अशी ट्रंक आहे त्या वाचकांस आमची एवढीच विनंति कीं, कोणी कात्री घेऊन येऊन विचारलें तर आम्हीं लावले तसे दोन दिवस लावूं नका.